दुसऱ्या आवाजाची रेकॉर्ड

शनिवारी सकाळी दर्ब सुलतान मोहल्ल्यातल्या माझ्या दुकानासमोर एक जुनी मोपेड येऊन थांबायची. पुढे बूशाइब, मागे लारबी. लारबीच्या मांडीवर चामड्याची चौकोनी पिशवी असायची आणि ती त्याने तान्ह्या पोरासारखी दोन्ही हातांनी धरलेली असायची, त्यामुळे उतरताना त्याला हात मोकळा नसायचा. बूशाइब आधी मोपेड लावायचा, मग त्याला बखोटीला धरून उतरवायचा.

"सावकाश. पिशवी पडली तरी चालेल, तू पडू नकोस."

"उलटं आहे ते," लारबी म्हणायचा. "माझी हाडं जुळतील."

दोघंही साठी ओलांडलेले. लारबी विधुर; त्याने जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली त्याला उस्ताद म्हणते. बूशाइब शिंपी. त्याने शिवलेला जेलाबा, म्हणजे पायघोळ झगा, खांद्यावर असा बसतो की माणूस दोन बोटं उंच दिसतो. शाळेच्या समोरच त्याचं शिवणाचं दुकान. तिथेच तीस वर्षांपूर्वी लारबी पँट आखूड करायला गेला, आत रेकॉर्ड वाजत होती, आणि पँट विसरून बसला. तेव्हापासूनची दोस्ती.

माझं रेकॉर्डींचं दुकान वडिलांचं. मधे कॅसेट आली, मग सीडी, मग सगळं फोनवर, आणि मी टोस्टर दुरुस्त करून दिवस काढले. पण गेल्या काही वर्षांत लोकांना पुन्हा तबकड्या हव्याशा वाटायला लागल्या. मग शहरातली आमच्यासारखी चार-पाच दुकानं स्वतःच जुनी गाणी शोधून रेकॉर्डी काढू लागली. शंभरेक प्रती काढायच्या, प्रत्येकीवर आकडा घालायचा. संपल्या की संपल्या, पुन्हा काढायच्या नाहीत.

लारबीला त्या आकड्याचं वेड होतं. बंदरापासून आइन शोकपर्यंत एकही दुकान त्याने सोडलं नाही. आकडा जितका लहान तितकी त्याची कळी खुले. घेतलेली रेकॉर्ड तो कधी फोडायचा नाही. आली तशी बंद, काचेच्या कपाटात उभी. ऐकायला मात्र बूशाइबच्या दुकानात जायचा, कारण बूशाइब दारातच पाकीट फाडायचा आणि सुई लावायचा. त्याच्या तबकड्यांवर खडूची धूळ, मशीनचं तेल, बोटांचे ठसे, सगळं असायचं.

"हा माणूस तबकडीवर चहाचा पेला ठेवतो," लारबी मला तक्रार करायचा.

"आणि हा माणूस बायको आणून तिला खोक्यातच ठेवेल," बूशाइब म्हणायचा.

मग मी चहा ओतायची, कोपऱ्यावरून गरम मसेमन, तव्यावरचे घडीचे पराठे, यायचे, आणि दुपारच्या नमाजापर्यंत आमचं हेच चालायचं.

माझे वडील शेखांची गाणी दुकानामागच्या खोलीत टेपवर घेत. शेखा म्हणजे खेड्यांतून आलेल्या गाणाऱ्या बायका. लग्नाला, सुगीला त्यांच्यावाचून कुणाचं चालत नाही, आणि त्यांच्या घरची मुलगी मागायला कुणी जात नाही. त्यांच्या गाण्याला ऐता म्हणतात, म्हणजे हाक. एक बाई हाक घालते, आणि तिची ओळ संपायच्या आत दुसरी खालून ती उचलून धरते. ती दुसरी नीट नसेल तर पहिलीचा गळा कितीही मोठा असो, गाणं उभं राहत नाही.

माळ्यावर मला वडिलांची एक टेप सापडली. डबीवर लिहिलं होतं, 'शेखा घालिया आणि इतर'. घालिया कधीच वारली होती. मी टेप लावली तेव्हा दोघंही दुकानात होते. लारबी बोलता बोलता थांबला.

"हा दुसरा आवाज कुणाचा?"

मला माहीत नव्हतं. बूशाइब खाली बघून मसेमनचा तुकडा मोडत होता.

त्या दिवसापासून लारबीने तो आवाज डोक्यात घेतला. जुने व्हायोलिनवाले शोधले, लग्नाच्या मंडपात जाऊन म्हाताऱ्या बायकांना विचारलं, एकदा तर बसने लांब सफी शहरापर्यंत जाऊन आला. सोबतीला बूशाइब गेला होता. कुणाला काही सांगता आलं नाही. सगळ्यांना घालिया आठवत होती, तिच्या मागची कुणाला आठवत नव्हती.

एका शनिवारी कुणा गिऱ्हाइकाने त्याला चिडवलं, "उस्ताद, सापडलीच ती बाई, तर काय करणार? निकाह?"

लारबीला जीभ आवरायची सवय नव्हती. "शेखा तबकडीवरच बरी," तो म्हणाला. "वाजवून झाली की पाकिटात घालून कपाटात ठेवता येते. घरात आणली तर गल्लीला तोंड कुठे दाखवू?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले. बूशाइबही हसला, आणि पेला उचलायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

त्या टेपची रेकॉर्ड काढायची मी ठरवलं. शंभर प्रती. काहीतरी वेगळं करावं म्हणून मी कापडी पिशव्यांचा विचार करत होते. बूशाइब म्हणाला, "मी शिवतो. जेलाब्याचं कापड शिल्लक आहे, कडेने गोट लावतो. मजुरी नको. एक नंबरची प्रत मला दे."

लारबी दचकलाच. "तुला? तुला आकडा कशाला?"

"शाळेत कधी पहिला नंबर आला नाही. आता तरी येऊ दे."

"गणितात मीही येऊ दिला नसता," लारबी म्हणाला. हसला, पण त्याच्या तोंडावरचा हिरमोड मला दिसला. एक नंबरची प्रत त्यानेच मागायची ठरवली असणार.

पिशव्या घेऊन बूशाइब एका दुपारी एकटाच आला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. गठ्ठ्याच्या वर एक पिशवी त्याने वेगळी बांधून आणली होती.

"ही एक नंबरची. हिच्यात दुसरी घालू नकोस."

मी पिशवीची झाप उलटली. आतल्या बाजूला हिरव्या रेशमाने बारीक अक्षरांत नाव भरलं होतं: मबारका बिन्त सालेह.

"ही कोण?"

"माझी आई." त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. "तो दुसरा आवाज."

लल्ला मबारकाला, म्हणजे मबारकाबाईंना, मी ओळखत होते. हमामात भेटायची. हनुवटीवर गोंदण, बसका घोगरा आवाज, वाटेत भेटली की खिशातून बदाम काढून हातावर ठेवायची. तिला गुणगुणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"अरे, कव्हर छापून आलं," मी म्हणाले. "आधी सांगितलं असतंस तर नाव घातलं असतं. आता 'आणि इतर' असंच गेलंय."

"म्हणून तर थांबलो. सांगितलं असतं तर तू छापलं असतंस, आणि लारबीला ते कव्हरवरून कळलं असतं."

मग तो स्टुलावर बसला आणि सावकाश सगळं बोलला. त्याच्या वडिलांनी तिच्याशी लग्न केलं ते गाणं सोडायच्या बोलीवर. वडील गेले, तरी बूशाइबने आईला सांगून ठेवलं होतं की हे कुणापाशी काढायचं नाही. त्याला तीन मुली होत्या, त्यांना स्थळं यायची होती. ती कबूल झाली. लारबी दर शुक्रवारी तिच्या हातचं कुसकुस खायचा, बोटं चाटत शेखांच्या गाण्यांवर व्याख्यान द्यायचा, आणि ती त्याला वाढत राहायची.

"आता मुलींची लग्नं झाली. परवा आई म्हणाली, मी मेल्यावर सांगणार आहेस का? तर म्हटलं, नाही, आता सांगू." त्याने पिशवीवरून अंगठा फिरवला. "विक्री झाली की शुक्रवारी तो जेवायला येईलच. जेवण झालं की ही लावतो आणि झाप उलटून त्याच्यापुढे ठेवतो. मग तो आहे आणि आई आहे. काय विचारायचं ते विचारू दे. आई आत्तापासून आठवत बसलीय, कुठला शब्द कुठल्या गावचा ते."

"त्याने त्या दिवशी जे म्हटलं, ते ऐकूनही?"

"त्याला माहीत असतं तर म्हणाला नसता," बूशाइब म्हणाला. "कुणाला बोलू नकोस, तूरिया. मला सांगू दे."

मी शब्द दिला. रेकॉर्डी पिशव्यांत घातल्या, तोंडावर कागदी पट्टी चिकटवली आणि पट्टीवर आकड्यांचे शिक्के मारले.

विक्रीच्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच रांग लागली होती. तेवढ्यात बूशाइबचा फोन आला. आईची साखर एकदम वाढली होती, तिला दवाखान्यात नेलं होतं. "माझी प्रत लारबीजवळ दे," तो म्हणाला. "तो इकडे येतोच आहे."

मी एक नंबरची पिशवी लारबीच्या हातात दिली. "ही बूशाइबची. अदलाबदल करू नकोस." त्याच्या स्वतःच्या वाट्याला अठ्ठावन्न आली होती. त्याने दोन्ही पिशव्या छातीशी धरल्या आणि टॅक्सीला हात केला.

पुढे काय झालं ते बऱ्याच दिवसांनी त्यानेच मला सांगितलं. टॅक्सीत दोन्ही पिशव्या मांडीवर होत्या. त्याला वाटलं, गाणं तेच, कापड तेच. बूशाइब ही घरी जाताच फाडणार, हिच्यावर खडू सांडणार. एक नंबर त्याच्या हातात गेला तर संध्याकाळपर्यंत राहणार नाही. आपल्याकडे राहिला तर जन्मभर राहील. दवाखाना येईपर्यंत ते त्याला चोरीसारखं वाटेनासं झालं होतं. उलट आपण त्या प्रतीवर उपकारच करतोय असं वाटत होतं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्याने बूशाइबला अठ्ठावन्न दिली. बूशाइबने पट्टीवरचा आकडा बघितला.

"ही?"

"तूरियाने हीच दिली. पहिले आकडे कुणा बड्या माणसांना ठेवले असतील. धंदा आहे तिचा." मग त्याने आईची चौकशी केली, "खाल्तीचं कसं आहे?"

"बरं आहे. आता झोपलीय." बूशाइबने पिशवी काखेत धरली. "बस, चहा आणतो."

दोघांनी चहा घेतला, आणि लारबी घरी गेला.

दोन दिवसांनी बूशाइब माझ्याकडे आला. हेल्मेट हातातच होतं.

"एक नंबर कुणाला दिलीस?"

"लारबीला. तुझी म्हणून त्याच्या हातात दिली."

 काउंटरवर एक रिकामं पाकीट पडलं होतं, ते त्याने उचललं, मागून-पुढून बघितलं आणि परत ठेवलं. मला सगळं एकदम कळलं.

"थांब, मी त्याला फोन करते."

"नको."

"अरे, पण शुक्रवार..."

"शुक्रवार राहू दे." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मागून घेतलेलं मला नको. मला हे असं सांगायचं नव्हतं, तूरिया. आधी त्याची चोरी काढायची आणि मग माझी आई काढायची. एकाच दमात दोन्ही कसं बोलू? आणि तू दिलेला शब्द पाळ."

"आईचं नाव?"

"त्या दुसऱ्या पिशवीवर भरीन. रेशीम आहे माझ्याकडे."

पुढच्या शनिवारी लारबी ट्रामने आला. एकटाच. मी त्याला सरळ म्हटलं, "बूशाइबची प्रत त्याला नेऊन दे."

त्याचं तोंड लाल झालं. "त्याने तक्रार केली?"

"त्याने काही केलं नाही. मी सांगतेय. दे त्याची त्याला."

"रेकॉर्ड तीच आहे ना? गाणं कमी वाजतं का त्याच्या प्रतीत? एका आकड्यावरून रुसायला तो काय लहान पोर आहे?"

"मग निदान तुझ्याकडची फोडून तरी बघ."

"फोडू?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "पट्टी तू लावायची, शिक्का तू मारायचा, आणि फोड म्हणून सांगणारी पण तूच?"

ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं. शब्द दिला होता. नुसती 'फोड' म्हणून राहिले. आणि तो फोडणारा नव्हता, हे मला ठाऊक होतं. कपाटापुढे उभा राहून तो आकडा रोज बघत असेल, यापलीकडे त्याने त्या पिशवीला हातही लावला नसणार.

त्यानंतर बूशाइब बुधवारी येऊ लागला, दुपारच्या वेळी, गर्दी नसताना. लारबी शनिवारी. लारबीने त्याला फोन केले, त्याच्या दुकानातही जाऊन आला. बूशाइब त्याच्याशी नीट बोलला, पण सणासुदीचं काम आहे, हात रिकामा नाही, असं सांगत राहिला. शुक्रवारचं जेवण बंद झालं. लारबी मला म्हणायचा, "देऊन टाकतो एकदाचा तो आकडा. ईदला मिठाईच्या खोक्याबरोबर नेतो, गोड करून टाकू." ईद आली. लियॉनहून त्याची मुलगी नौफिसा आली, घर पाहुण्यांनी भरलं, आणि ते राहून गेलं. मग म्हणाला, उन्हाळा उतरला की जातो.

उन्हाळा उतरायच्या आत लल्ला मबारका गेली.

मातमाला मी गेले होते. गल्लीत कनात लावली होती, बाहेर पुरुष बसले होते, आत आम्ही बायका. लारबी रीतीप्रमाणे साखरेच्या दोन उंच ढेपा कागदात गुंडाळून घेऊन आला आणि त्याने बूशाइबला मिठी मारली. बूशाइबने त्याच्या पाठीवर हात ठेवला, जसा त्या दिवशी तो प्रत्येकाच्या पाठीवर ठेवत होता.

आत माझ्या शेजारी एक फार म्हातारी बाई बसली होती. रहमा तिचं नाव, सफीकडून आलेली. दुपार कलली तशी ती उठली. तिला बसवर पोचवायचं होतं, म्हणून मी तिचा हात धरून बाहेर आणलं. बूशाइब टॅक्सीचं दार उघडून उभा होता. लारबी पुढे झाला आणि तिचं गाठोडं त्याने घेतलं.

"अल्लाह तुला बरकत देवो," ती म्हणाली. "तू कोण रे, बाळा?"

"बूशाइबचा दोस्त. लारबी."

"मास्तर?" ती थांबली. काठी टेकून त्याला न्याहाळू लागली. "तो मास्तर तू? अरे, मबारका वाट बघून थकली तुझी. मी मागे आले होते तेव्हा हसत सांगायची मला, तो शहाणा गावोगाव हिंडून घालियामागचा आवाज कुणाचा म्हणून विचारतो, आणि जेवतो माझ्याच हातचं. यायचास ना एकदा. घालिया गेली, आता ही गेली. मी तर नुसती टाळी द्यायची, मला काय येतंय."

लारबीने बूशाइबकडे बघितलं. बूशाइब रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला बघत होता. मग तो म्हणाला, "हाजा, बस निघेल," आणि त्याने म्हातारीला हलकेच आत बसवलं. तिचं गाठोडं लारबीच्याच हातात राहिलं होतं. ते मी घेतलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर करत होते तेव्हाच लारबी आला. हातात ती पिशवी होती. कागदी पट्टी फाटून लोंबत होती, झाप उलटी होती. त्याने ती काउंटरवर ठेवली आणि हिरव्या नावावर बोट ठेवलं.

"तुला माहीत होतं."

"हो."

"बोलली नाहीस."

"त्याने घातलेली शपथ होती. फोड म्हणून मात्र म्हटलं होतं तुला."

तो खुर्चीत बसला. चहा नको म्हणाला. मग ती टॅक्सीची हकीकत सांगितली, काही न लपवता, आणि आपण त्या दिवशी शेखांबद्दल काय बोललो होतो तेही अक्षर न अक्षर त्याला आठवत होतं. "तो तिथेच बसला होता," तो दोनदा म्हणाला. "आणि सफीला माझ्याबरोबर आला. बसमध्ये मला संत्री सोलून देत होता."

"माझ्याबरोबर चल," तो शेवटी म्हणाला. "एकट्याच्याने होणार नाही मला."

आम्ही चालतच गेलो. बूशाइब मशीनवर होता. आम्हाला बघून त्याने पाय थांबवला, दोन स्टुलं पुढे ओढली, त्यांवरच्या चिंध्या झटकल्या. लारबी उभाच राहिला. पिशवी त्याने दोन्ही हातांनी पुढे धरली.

"मी चोरली होती," तो म्हणाला. "तूरियाने तुझी म्हणून दिली, आणि मी तुला खोटं सांगितलं."

"माहीत आहे मला. बस."

"मला माफ कर, बूशाइब."

"अल्लाह सगळ्यांनाच माफ करो." बूशाइबने पिशवी घेतली, फाटलेली पट्टी नखाने काढून टाकली आणि ती कापडांच्या फळीवर ठेवली. मग शेगडीवर किटली चढवली. पुदिना निवडत त्याने नौफिसाची चौकशी केली, लारबीच्या गुडघ्याची केली. चहा उंचावरून ओतला, पहिला पेला लारबीला दिला. सगळं रीतीला धरून. परक्या माणसाचं करतात तसं.

लारबीने पेला धरला, पण पिऊ शकला नाही. "तिने ऐकलं का? रेकॉर्डवर?"

"हो, ऐकलं ना. अठ्ठावन्नवर." बूशाइब पहिल्यांदाच थोडं हसला. "रोज ऐकायची. मी घरी प्लेयर नेऊन ठेवला. सुनेला म्हणायची, बघ, इथे घालिया श्वास चुकली, मी सावरून घेतलं. तिच्या पिशवीवर मी नाव भरून दिलं होतं, ती उशाशी ठेवायची. तिला काही कमी पडलं नाही, लारबी. तेवढी काळजी नको करूस."

"माझ्याबद्दल काही म्हणायची?"

बूशाइबने आपला पेला खाली ठेवला. "विचारायची. उस्ताद का येत नाही म्हणून. त्याला सांगायचं खूप आहे, म्हणायची. मी सांगायचो, त्याला काम आहे. मुलगी आलीय. पुढच्या शुक्रवारी येईल." त्याने किटलीचं झाकण नीट बसवलं. "मग पुढे पुढे तिनेच विचारणं सोडलं."

"तू मला नुसता निरोप धाडला असतास. मी गुडघ्यांवर आलो असतो."

"खरंय. धाडायला हवा होता," बूशाइब म्हणाला. "रोज वाटायचं. मग तो आकडा आठवायचा, आणि हात फोनपाशी जायचा नाही. तेवढी चूक माझी. आईला त्यात उगाच भोगावं लागलं."

 चौकात कुणीतरी सुऱ्यांना धार लावत होतं, त्याचा आवाज येत होता. निघताना बूशाइब आम्हाला दारापर्यंत पोचवायला आला. एरवी तो लारबीला मोपेडवर बसवून घरी सोडायचा. मोपेड दारातच उभी होती. लारबीने तिच्याकडे बघितलं, आणि आम्ही ट्रामकडे चालू लागलो.

लारबी अजून माझ्याकडे येतो. रेकॉर्डी घेतो, आधीपेक्षा कमी. आता घेतली की दुकानातच फोडतो आणि म्हणतो, लाव. कव्हर हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचतो, आणि वाजवणाऱ्या एखाद्याचं नाव नसलं की माझ्यावर चिडतो. ऐतावर मात्र बोलत नाही. एकदा कुणीतरी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाला, मला त्यातलं काही कळत नाही.

बूशाइब बुधवारी येतो. दोघंही मला एकमेकांबद्दल विचारतात. गुडघा कसा आहे त्याचा? डोळे तपासले का त्याने? मी सांगते. एकदा मी बूशाइबला म्हटलं, शनिवारी ये की. तो म्हणाला, "माझ्या मनात राग नाही, तूरिया. राग असता तर भांडलो असतो, मग सुटलं असतं. ते तसं नाही राहिलं."

गेल्या वर्षी नौफिसाचं लग्न झालं. लारबीने आपला जेलाबा शिवायला दुसऱ्या कुणाकडे टाकला नाही, आणि बूशाइबने तो असा शिवला की सगळे बघत राहिले. लग्नाला तो आला. नवऱ्या मुलाला आशीर्वाद दिला, लारबीच्या शेजारी बसून जेवला, मांसाचा चांगला तुकडा त्याच्या पुढ्यात सारला. लारबीने अब्दाहून शेखा बोलावल्या होत्या. त्या कोपऱ्यात बसून शेगडीवर डफांची कातडी शेकत होत्या, आणि लारबी स्वतः पाणी घेऊन त्यांच्याकडे गेला होता, एकेकीला तिचं नाव विचारत होता. तेवढ्यात बूशाइब उठला. मला म्हणाला, सकाळी लवकर काम आहे, त्याला सांग.

लारबी वळला तेव्हा ती जागा रिकामी होती. त्याने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. त्याने मान हलवली, आणि पाण्याचा जग हातात तसाच धरून, गाणं सुरू झालं तरी तो तिथेच उभा राहिला.